लाल ठिपक्याची मांजर

मी प्राणीप्रेमी नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणाचा भ्रमनिरास नको. सगळी नोकरी भंडारा जिल्ह्यात जनावरांची डॉक्टर म्हणून काढली, पण घरी कधी कुत्रं पाळलं नाही, मांजर पाळली नाही. हलवायाला पेढ्याचं काय कौतुक, तसं असेल. कुत्र्याला 'बाळ' आणि स्वतःला त्याची 'मम्मी' म्हणवणारी मंडळी टेबलासमोर उभी राहिली की माझ्या कपाळावर आठी पडायची. कुत्रं हे कुत्रं असतं. त्याचे लाड करा आणि त्याला वेळेवर लस द्या, एवढंच माझं मागणं असायचं. त्यातलं पहिलं लोक लगेच ऐकायचे.

खरं तर कुत्री-मांजरं आमच्या खात्यात मागच्या दाराने आली. सरकारी दवाखाना गाई-म्हशींचा, बैलांचा, शेळ्यांचा. मी रुजू झाले तेव्हा गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. घर वाटतात तसा जिल्हा वाटला गेला. काही माणसं तिकडे, काही कपाटं तिकडे. आमच्या वाट्याला जो फ्रीज आला, त्याचं दार सायकलच्या ट्यूबने बांधून ठेवावं लागे. लस थंडीत ठेवली नाही तर ती नुसतं पाणी होते आणि गोठली तरी वाया जाते, म्हणून त्या फ्रीजची मी सासऱ्यांसारखी मर्जी सांभाळली. वीज गेली की बर्फाच्या डब्यात लसी भरून गावातल्या आइसक्रीमवाल्याकडे धावायचं. तो बिचारा कुल्फ्या सरकवून जागा द्यायचा आणि विचारायचा, "बाई, हे चुकून कोणी खाल्लं तं?"

लसीचं काम बाहेरच्याला सांगायला सोपं आहे. चोर येण्याआधी त्याचा चेहरा राखणदाराला दाखवून ठेवायचा. मग चोर आला की राखणदार गोंधळत नाही. कुत्र्याच्या पिलाला दीड-दोन महिन्यांपासून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टोचावं लागतं, कारण आईच्या दुधातून आलेली ताकद सुरुवातीला लसीला काम करू देत नाही. रेबीजची, म्हणजे पिसाळण्याची लस तीन महिन्यांनंतर. पुढे दरवर्षी आठवण ठेवून पुन्हा. अवघड आहे ते हे की लस लागू पडली तर काहीच घडत नाही. मोडलेला पाय जोडला तर मालक नारळ घेऊन येतो. न आलेल्या रोगासाठी नारळ फोडलेला मी पाहिला नाही.

जवाहरनगरच्या वसाहतीतले लोक मात्र स्वतःहून यायचे. दारूगोळ्याच्या कारखान्याचे कर्मचारी, देशभरातून बदलून आलेले, क्वार्टरमध्ये राहणारे, शिस्तीचे. त्यातले एक गृहस्थ पांढरं केसाळ कुत्रं टॉवेलमध्ये गुंडाळून आणायचे. कारखान्यात ते बारूद हाताळत. माझ्या हातात सुई दिसली की हे टेबलाला धरून खाली बसत. पहिल्या वेळी आम्ही कुत्रं सोडून त्यांनाच पाणी मारलं. नंतर मी ठरवूनच टाकलं, आधी साहेबांना खुर्ची, मग कुत्र्याला लस.

त्याच वसाहतीतला दुसरा एक तरुण पहिला डोस देऊन गेला आणि दुसऱ्याला आलाच नाही. सुट्टीत गावी गेला होता. परत आला तो पिलू हातात घेऊनच, रक्ताचे जुलाब लागलेलं. पार्वो, म्हणजे ज्याची ती लस होती तोच रोग. "हमारा तो क्वार्टर से बाहर जाता ही नहीं, मॅडम," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पिलू जात नाही, पण तुमची चप्पल तर जाते, आणि रोग चपलेला चिकटून घरात येतो, हे त्याला त्या वेळी सांगण्यात अर्थ नव्हता. आम्ही सलाईन लावली, दोन दिवस झगडलो. पिलू गेलं. त्या दिवसापासून पहिला डोस देताना मी पुढच्या डोसाबद्दल इतकं दरडावून बोलायला लागले की लोक मला भांडकुदळ म्हणू लागले. म्हणोत.

खेड्यात गोष्ट उलटी. मी मूळची दिघोरीकडची, धानाच्या शेतकऱ्याची मुलगी, तरी आमच्याच भागात मला पहिला प्रश्न हा आला की कुत्रं कोणाचं म्हणून सांगायचं? धानात रानडुक्कर आलं की ते सगळ्यांचं. कोणाला चावलं की कोणाचंच नाही. दुसरा प्रश्न त्याहून कठीण. एक म्हातारा म्हणाला, "बाई, सुई टोचली का कुत्रा थंडा पडते म्हंते. मंग तो भुकत नाही. राखण कोण करंल?" मी चिडून म्हटलं, माझ्या भावाच्या कुत्र्याला टोचलं आहे, जाऊन बघा. दोघं जण खरंच बघायला गेले. त्या कुत्र्याने त्यांना धानाच्या बांध्यांमधून तलावाच्या पाळीपर्यंत पळवलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर रांग लागली. माझ्या कोणत्याही भाषणाने एवढं काम केलं नसतं.

पण ज्या गोष्टीसाठी मी आज लिहायला बसले ती कुत्र्याची नाही, मांजरीची आहे. मोहाडीकडच्या एका विणकरांच्या गावातली. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून माझ्याशी चांगलं बोलतात, ते तसंच राहावं.

विणकराच्या घरी मांजर हौसेची नसते, ती कामावर असते. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, भाताची खळ लावतात, म्हणजे सूत ताठ राहतं. त्या खळीच्या वासाने उंदीर येतात आणि एका रात्रीत महिन्याचं काम कुरतडून ठेवतात. म्हणून गल्लीत मांजर हवीच. आणि मांजर एका घरची नसते. या गल्लीत एक करडी मांजर होती, तिला एका घरी मनी म्हणायचे, दुसऱ्या घरी राणी, आणि नत्थूजींच्या घरी चांडाळीण. तिन्ही नावांना ती ओ देत नसे. तिन्ही घरी जेवत मात्र होती.

नत्थूजी म्हणजे त्या गल्लीतले सगळ्यात जुने विणकर. करवतकाठी साडीच्या लाल काठासाठी रेशीम रंगवावं ते त्यांनीच. शेजारच्या तालुक्यात पिसाळलेल्या कुत्र्याचा बोभाटा झाला म्हणून दसऱ्यानंतर आम्ही त्या गावात लसीकरणाचं शिबिर घेतलं. मांजरी बाजाराच्या पिशव्यांत, उशीच्या अभ्र्यांत आणि एक तर चक्क पितळी डब्यात घालून आणल्या होत्या. लस दिलेलं जनावर ओळखू यावं म्हणून कपाळावर, दोन कानांच्या मध्ये, आम्ही ठिपका देतो. तिथे मांजरीची जीभ पोचत नाही. ठिपक्यासाठी मी ढोरांच्या जखमेला लावायचं जांभळं औषध नेलं होतं. नत्थूजींनी ते बोटावर घेऊन पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्यापुढे नायलॉनची साडी पसरली.

"हे एका पान्यात उडून जाईल, डाक्टरीणबाई. माह्या घरचा लाल घ्या. केस आन् रेशीम एकाच जातीचे, दोन्ही रंग धरून ठेवते. साडी फाटंल, पण माहा रंग नाही जाणार."

त्यांची पत्नी सगुणाबाई वाटीभर रंग घेऊन आल्या. मला काय, ठिपका टिकला म्हणजे झालं. नत्थूजी दिवसभर माझ्या शेजारी बसून स्वतःच्या हाताने प्रत्येक कपाळावर ठिपका देत होते, लग्नघरी अक्षता वाटणाऱ्याच्या थाटात. उठताना मी गल्लीला बजावून सांगितलं होतं की ठिपका जनावराच्या ओळखीसाठी आहे. कोणाला ओरखडलं, चावलं तर ठिपका न बघता दवाखान्यात जायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवायला काय जातं.

दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस संपले, धानाची मळणी सुरू झाली, तेव्हा एका दुपारी त्या गल्लीतून एक अनोळखी कुत्रं गेलं. तोंडाला फेस, चाल वाकडी, दिसेल त्या खांबाला चावत निघालेलं. लोकांनी ते मारलं आणि लगेच पुरून टाकलं, त्यामुळे ते खरंच पिसाळलेलं होतं का, हे तपासायची सोय राहिली नाही. कोणी म्हणे ते करड्या मांजरीवर धावलं आणि ती कौलांवर चढून वाचली. कोणी म्हणे शेपटीला दात लागला. जितके साक्षीदार, तितक्या मांजरी.

त्यानंतर आठवडाभरात मी त्याच गावात एका व्यालेल्या म्हशीची वार अडकली म्हणून गेले होते. काम संपवून गोठ्यात हात धूत होते, तर सगुणाबाई येऊन उभ्या राहिल्या. म्हशीची चौकशी केली, माझ्या मुलांची केली. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "ठिपका लावलेली मांजर चावली, तं काही होत नाही ना जी?"

"कोणाला चावली?"

"कोणाले नाही. असंच इचारून राहिली."

असंच विचारायला कोणी पदर तोंडात धरून उभं राहत नाही. मी साबण उचलला आणि त्यांच्या मागे निघाले.

त्यांच्या घरी माग खड्ड्यातला. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो. वर उजेड, खाली अंधार. सकाळी नत्थूजींनी नेहमीसारखे पाय खाली सोडले आणि खालून चांडाळणीने पोटरीला कडकडून चावा घेतला. मी पोचले तेव्हा ते पोटरीला हळद-चुना लावून, वर चिंधी बांधून, एका पायाने माग चालवायच्या खटपटीत होते. काठ अर्ध्यावर आला होता. मांजर अजून खड्ड्यातच होती आणि त्यांचा दुसरा पाय दिसला की फुरफुरत होती.

आधी मी त्यांना अंगणातल्या बोरिंगच्या हातपंपाखाली बसवलं. हळद-चुना काढला. सगुणाबाई दांडा मारत होत्या, पाण्याची धार जखमेवर आणि मी साबण लावतेय, पुन्हा धार, पुन्हा साबण. पंधरा मिनिटं. हे रेबीजचं पहिलं औषध आहे आणि ते प्रत्येक घरात असतं. रोग लाळेतून जखमेत उतरतो. तो जेवढा धुऊन जाईल तेवढा बरा. उरलेला नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे निघतो. तो हळू चालतो म्हणूनच माणसाला चावल्यानंतरही लस देता येते, लस त्याच्या आधी पोचते. पण एकदा का तो मेंदूत पोचला, पाण्याची भीती सुरू झाली, की जगातला कोणताही डॉक्टर काही करू शकत नाही. मी अशी एक गाय पाहिली आहे. माणूस पाहिलेला नाही, आणि नत्थूजींना तसं पाहायची माझी तयारी नव्हती.

हे सगळं मी धार सुरू असतानाच त्यांना सांगितलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात चला.

ते म्हणाले, गरज नाही. मांजरीला लस दिलेली आहे, अंगावर लाल रंग आहे. मी म्हटलं, ठिपका खरा असला तरी जायचंच, शिबिरात बजावलं होतं. त्यावर त्यांचा आवाज चढला. "खरा असला तरी म्हंजे काय? रंग माहा, ठिपका माह्या हातचा. माह्या लालावर तुमाले भरोसा नाही का?"

माझा स्वभाव तापट आहे. मी म्हटलं, नत्थूजी, तुमचा रंग साडीवर राहू द्या, इथे प्रश्न जिवाचा आहे. ते म्हणाले, माझ्या ठिपक्यावर मीच भरवसा ठेवला नाही, तर उद्या गल्ली काय म्हणेल? सगुणाबाई दांडा मारतच होत्या. त्यांच्या डोळ्यांना पाणी होतं आणि त्या कोणाचीच बाजू घेत नव्हत्या.

मग मी मांजरीकडे वळले. कातडी हातमोजे घातले, अभ्रा घेतला आणि खड्ड्यात वाकले. तिने मला शिव्यांची लाखोली वाहिली, तिच्या भाषेत. मानगुटीला धरून तिला उजेडात वर काढली तर दोन गोष्टी दिसल्या. पोट रिकामं आणि आचळं भरलेली. बॅटरी मारली तर खड्ड्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात, नत्थूजींच्याच जुन्या धोतराच्या चिंध्यांवर, डोळे न उघडलेली तीन पिलं.

नत्थूजींना केवढा हुरूप आला. "पाहा, बाळंतीण हाये. लेकरांसाठी चावली. पिसाळली गिसाळली नाही."

माझ्या मनात तेच आलं होतं आणि तेच खरं ठरावं असं फार वाटत होतं. पण वाटण्यावर औषध चालत नाही. व्यालेली मांजर पिसाळत नाही असा काही कायदा नाही. मी तिचं डोकं पाहिलं. कपाळ करडं होतं, कोरं. लाल रंग होता तो पाठीवर, कुशीवर आणि शेपटीच्या टोकाला. मी म्हटलं, शिबिरात सगळे ठिपके कपाळावर दिले, हिच्या कपाळावर नाही. नत्थूजी म्हणाले, चांडाळीण आहे ती, तडफडली असेल, माझा हात हलला असेल. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, पण रंग काही निघेना. रंग त्यांचाच होता, त्यात वाद नव्हता. पक्का होता, त्यातही नाही.

मांजर माझ्या हातात लोंबकळत होती, चारही पाय ताणून. सगुणाबाई दांडा सोडून जवळ आल्या, मी हात लावू नका म्हटलं म्हणून दोन हात लांबच थांबल्या आणि वाकून खालून बघायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "शिबिरात इचे तळपाय बी रंगवले का?"

मी मांजर वर उचलली. चारही पंजांच्या गाद्यांमधले केस लालभडक होते.

मग सगुणाबाईंनी एकेक करून सांगितलं. शिबिराच्या आदल्या दिवशी परसात काहीतरी धाडकन पडलं होतं. जाऊन बघितलं तर गार झालेल्या रंगाचं घमेलं कलंडलेलं, आणि एक उंदीर भिंतीवरून पळताना दिसला. त्यांनी उंदरालाच दोष दिला. त्याच्या मागे धावणारी ही मांजर त्या घमेल्यात पडली आणि उठून कुठे तरी दडून बसली, हे कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी शिबिरात मनीला राणीच्या घरच्यांनी आणलं असेल असं मनीच्या घरच्यांना वाटलं, राणीच्या घरच्यांना वाटलं चांडाळणीला नत्थूजींनी. नंतर ती लाल रंग मिरवत हिंडायला लागली, तेव्हा तिन्ही घरं निश्चिंत झाली. दुसऱ्या कोणत्याही गावात मांजरीच्या अंगावरचा लाल रंग पाहून लोकांनी विचारलं असतं, हे काय झालं? या गल्लीत लाल रंगाचं कोणाला काय नवल?

नत्थूजी ओल्या पायाने बोरिंगच्या कट्ट्यावर बसून राहिले. मग त्यांनी जे विचारलं, त्यावरून मला कळलं की अडचण नुसत्या रंगाची नव्हती.

"सुया पोटात देतेत का, बाई? माह्या मामाले पोटात देल्ल्या होत्या. ढोरावानी आरडे तो."

"आता दंडात देतात, नत्थूजी. शिवाय तुमच्या जखमेभोवती एक औषध टोचतील, ते थोडं दुखेल. खोटं कशाला सांगू?"

"किती?"

"मोजायच्या नाहीत. बोलावतील तितक्या वेळा जायचं. एकही चुकवायची नाही."

ते उठले. आत जाऊन अर्ध्या काठावर फडकं झाकलं, धोतर बदललं आणि सगुणाबाईंना म्हणाले, चल. दोघं दुपारच्या एसटीने भंडाऱ्याला गेली. मी मांजर आणि तिची पिलं कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवली, वर दगड ठेवला आणि गल्लीला सांगितलं, कोणी मारायची नाही, कोणी हात लावायचा नाही, लांबूनच दूधभात सरकवायचा. दोघं जण काठ्या घेऊन आलेच होते. मेलेली मांजर काही सांगत नाही, जिवंत सांगेल, एवढं म्हणून मी त्यांच्यासमोर उभी राहिले. माझ्या कपाळावरची आठी तिथे उपयोगी पडली.

नियम असा की चावलेली मांजर दहा दिवस धडधाकट राहिली, तर चावण्याच्या वेळी तिच्या लाळेत रोग नव्हता. ते दहा दिवस मला फार जड गेले. नत्थूजींची सुई वेळेवर सुरू झाली होती, म्हणजे काळजीचं कारण उरलं नव्हतं. तरी रोज सकाळी त्या गावच्या दूधवाल्याला मी दवाखान्याच्या दारात अडवायची. तो दुरूनच हात वर करून ओरडायचा, "खाऊन राहिली, बाई." तेवढं ऐकलं की मला चहा गोड लागायचा.

आणि चांडाळीण खात राहिली. फेस नाही, लाळ नाही, घसा बसला नाही. मुदत संपल्यावर मी डालगं उचललं तेव्हा ती बाहेर आली, अंग ताणलं, माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि पिलं चाटायला परत आत गेली. नत्थूजी दारात उभे होते. सगुणाबाई डालग्यापाशी खाली बसल्या आणि हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. मलाही काय झालं कोण जाणे, मीही त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. इतकं हलकं मला स्वतःच्या लेकीच्या बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

मग तिला लस टोचली. अंगावर कुठे चाव्याची खूण नव्हती, पण त्या मारलेल्या कुत्र्याची शंका होतीच, म्हणून पुढे बरेच महिने तिला एकाच घरात ठेवायला लावलं आणि मीही काही ना काही निमित्त काढून बघून येत राहिले. सगळ्या गल्लीची लसही मी पुन्हा केली. एकदा दिलेल्याला पुन्हा दिली तर बिघडत नाही. न दिलेल्याला दिली समजलं तर बिघडतं. त्या दिवशी नत्थूजी पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसले. मी जांभळ्या औषधाची बाटली पुढे केली. त्यांनी तिचं झाकण काढून दिलं.

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली. मध्यंतरी माझ्या जागेवर आलेल्या तरुण डॉक्टरांचा फोन आला. हुशार आहेत, पुण्याकडचे. म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. त्या विणकरांच्या गल्लीत लोक मांजर घेऊन येतात आणि मी काही विचारायच्या आत आधी तिचे चारही तळपाय उलटे करून दाखवतात. असं का?"

मी हसत सुटले. त्यांना सगळं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी एसटी धरून त्या गावाला गेले. कामाशिवाय मी तिथे पहिल्यांदाच जात होते.

नत्थूजी थकलेत, पण अजून मागावर बसतात. चांडाळीण केव्हाच गेली. तिची नातवंडं की पणतवंडं गल्लीभर आहेत, कपाळावर जांभळे ठिपके घेऊन. सगुणाबाईंनी चहा ठेवला. नत्थूजी म्हणाले, बसा बाई, एवढा हातभर काठ काढून घेतो. मागाशी जाऊन बसले, शेजारची काठी उचलली आणि खड्ड्याच्या कडेवर दोनदा ठोकली. थांबले. कान दिला. मग दोन्ही पाय खाली सोडले.

मी विचारलं, "अजून भेव वाटते का, नत्थूजी?"

"भेव कायचं, बाई," ते म्हणाले. "पण खाली कोनाची बाळंतीण बसली असंल, तं इचारलेलं बरं."

आणि माग सुरू झाला.